खोडी सांगून विकलेली जीप

माझ्या घरमालकांनी पहिल्याच भेटीत मला खोली दाखवली ती पाण्याच्या बादल्या ओतून. ऐन मे महिना, अमरावतीचं ऊन, नळाला पाणी जेमतेम, आणि हा साठीच्या पुढचा माणूस खाकी हाफपँट घालून शिडीवरून कवेलूंच्या छपरावर चढलेला. खालून त्यांची बायको एकेक बादली वर देत होती आणि प्रत्येक बादलीबरोबर नवऱ्याच्या अकलेविषयी एकेक वाक्य बोलत होती. मी खोलीच्या मध्यभागी उभी. वरून आवाज आला, "बाई, नीट पाह्यजा. कोपऱ्यात गयते का?"

"गळतं," मी म्हणाले.

"आन् खिडकीपाशी?"

"तिथंही गळतं."

"बरोबर हाये," ते समाधानानं म्हणाले. "तिसरीकडं बी गयते, पन थे पश्चिमेचा वारा असला तवाच. थे आज दाखवता येत नाई."

मग खाली उतरून त्यांनी उरलेलं सांगितलं. मागच्या गल्लीत तेलाची घाणी आहे, ती पहाटेच सुरू होते. दाराची पायरी उंच आहे, नवा माणूस तिथं हमखास ठेचकाळतो. पावसाळ्यात एखादा विंचू निघतो. आणि शेवटी, बायकोकडे हात करून, "आमची हे भल्ली जोरानं बोलते."

"यायच्यासंगं संसार केल्यावर कोन हळू बोलन?" त्या म्हणाल्या, जोरानंच.

"आता तुमच्या खोडी सांगा," ते मला म्हणाले.

एकोणीसशे साठच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मी नुकतीच डॉक्टर होऊन सरकारी जनाना दवाखान्यात रुजू झाले होते. माहेर अकोल्याचं, वडील तिथल्या कापसाच्या जिनात कामाला. अमरावतीत आल्यापासून मी खोल्याच पाहत होते. डॉक्टर म्हटलं की लोक आनंदानं पाणी देत, चहा टाकत, मग गाव विचारत, मग आडनाव, आणि मग त्यांना अचानक आठवे की पुढच्या महिन्यात भाचा राहायला येणार आहे. त्या भाच्यांना मी इतकी कंटाळले होते की आता आपणच आधी सांगून टाकायचं ठरवलं होतं.

"आम्ही बौद्ध आहोत," मी म्हणाले. आवाज गरजेपेक्षा जरा मोठाच निघाला.

ते पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. ते येत नाही असं दिसल्यावर म्हणाले, "थे समजलं. मी खोड इचारली, बाई. घोरता का? नळ उघडा ठेवता का? दार आपटता का?"

मी विचार करून सांगितलं, "मला राग लवकर येतो."

"चालन. सांगतलं ते बरं केलं."

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी गळक्या छताकडे पाहत राहिले, आणि त्यांना वाटलं की मी अजून भोकंच शोधते आहे. त्यांनी बायकोला आणखी एक बादली भरायला सांगितली.

त्यांना मी काकाजी म्हणत असे आणि त्यांच्या बायकोला काकू. काकाजींचे वडील बैलांचा व्यापार करत. बैल विकताना खोड सांगायची, हा त्या घरातला धर्म. मारका असेल, ऐन चढावर बसत असेल, पाण्याला भीत असेल, जे असेल ते चार माणसांसमोर बोलायचं. "लपवलेली खोड घेनाऱ्याच्या घरी जात नाई, बाई. थे आपल्याच घरी राह्यते," असं ते म्हणत. वडिलांचा धंदा त्यांनी सोडला आणि मेळघाटाकडच्या रस्त्यांची ठेकेदारी धरली, पण खोड सांगायची सवय सुटली नाही. मोठे साहेब रस्ता तपासायला आले की काकाजी त्यांना आधी जिथं मुरूम दबला असेल तिथंच घेऊन जात. ठेकेदारीत इतरांच्या माड्या उठल्या, ह्यांचं घर कवेलूचंच राहिलं.

मुलीच्या लग्नातही तेच. ही गोष्ट काकूंनी मला इतक्यांदा सांगितली होती की मीच ती आता त्यांच्यापेक्षा चांगली सांगते. अचलपूरकडचे पाहुणे मुलगी बघायला आले. पोहे पुढं आले, मुलगी पाटावर बसली, आणि काकाजींनी घसा साफ करून सुरुवात केली. पोरीला स्वयंपाक येतो पण भाकरी एका बाजूनं करपते. शाळेत गणितात एकदा नापास झाली आहे. सकाळी उठवलं तर चिडते. पाहुण्यांनी पोहे संपवले आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. काकू आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. दुसरे पाहुणे आले तेव्हा त्यांनी नवऱ्याला बाहेरच्या कामाला पाठवून दिलं, तर ते मधल्या वाटेवरून परत आले आणि दारात उभं राहूनच सगळं बोलले. मुलाचा बाप हसला. म्हणाला, "आमचं पोट्टं बी सकाळी चिडते. दोघं दुपारीच बोलत जातीन."

"थेच पोरगी आज सुखात हाये," काकू म्हणत. "पन माह्या जिवाचं पानी झालतं, थे यायले कोन सांगन?"

अंगणाच्या कडेला टिनाच्या शेडमध्ये त्यांची जीप उभी असायची. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं काढून टाकलेल्या गाड्यांतली, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली. घाटातल्या रस्त्यांच्या कामावर ती पुष्कळ वर्षं राबली होती. आता काकाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलत, आणि काकूंनी जीपची चावी डाळीच्या डब्यात ठेवून दिली होती. गाडी विकायची असं ठरून दोन वर्षं झाली होती. ती विकली जात नव्हती, कारण विकणारे काकाजी होते.

गंमत अशी की दुसऱ्याची जुनी जीप घ्यायची असली की निम्मी अमरावती काकाजींना सोबत नेई. संत्र्याचे बागवाले, कपाशीचे व्यापारी, जंगलचे ठेकेदार, सगळे. काकाजी सांगून कधी जात नसत. भल्या सकाळी अचानक जाऊन उभे राहायचे, राम राम व्हायच्या आधी बोनेटवर तळहात ठेवायचा. बोनेट गरम लागलं की परत फिरायचं. "थंडी गाडी सुरू होताना काय रडते, थे आपल्याले ऐकू येऊ नये म्हनून त्यानं आधीच गरम करून ठेवली," ते सांगत. नवा रंग दिसला की ते खालून बघत. बोटावर ऑइल घेऊन चोळत, वास घेत. नंतर मालकाला विचारत, "हिचा मिस्त्री कोन?" मालकानं एक नाव सांगितलं तर बरं. चार-पाच नावं सांगितली की काकाजी माझ्याकडे बोट दाखवत, "या डाक्टरीनबाईले इचारा. ज्या रोग्यानं पाच डाक्टर केले, त्याचं काय असते?"

कधी रविवारी मीही त्यांच्याबरोबर जात असे. असंच एकदा अकोल्याला गेलो होतो. तिथल्या एका व्यापाऱ्याची जीप हिरवीगार रंगवलेली, टायरसुद्धा काळ्या रंगानं पुसलेले. काकाजींनी रेडिएटरचं झाकण उघडलं, पाण्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं. गळका रेडिएटर तात्पुरता बुजवायचा असला की त्यात हळद टाकतात, हे मला तेव्हा कळलं. ते व्यापाऱ्याला शांतपणे म्हणाले, "शेठ, हळद लावली म्हंजे नवरीचं वय कमी होते का?" व्यापारी स्वतःच हसायला लागला आणि त्यानं आम्हाला जेवायला थांबवून घेतलं.

आणि ह्याच माणसाची स्वतःची गाडी बघायला कुणी आलं की मी खिडकीत खुर्ची ओढून बसत असे. नाटकाचा खेळ असावा तसं ते असे. काकाजी बोनेटवर हात ठेवून सुरू करत. दुसरा गिअर उतारावर आपोआप सुटतो. ब्रेक मारला की गाडी डावीकडे जाते. मागच्या स्प्रिंगचा एक पाटा तुटून बदललेला आहे, पण बदललेला पाटा दुसऱ्या गाडीचा आहे. थंडीत सुरू व्हायला वेळ लावते. पावसात वायरींना ओल धरते. गिऱ्हाइकाचा चेहरा उतरत जाई. एकदा अकोटचा एक जण शेवटी काकुळतीला येऊन म्हणाला, "पन काकाजी, हिच्यात चांगलं काय हाये?"

काकाजींनी खरंच विचार केला. "चांगलं तुमी पाहा. थे सांगाचं काम माह्यं नाई."

सकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. डोळ्यांमुळे अक्षरं दिसत नसत. बातम्यांपेक्षा त्यांना गाड्यांच्या जाहिराती ऐकायच्या असत. मी वाचे, 'जीप विकणे आहे, उत्तम स्थितीत.' ते म्हणत, "उत्तम स्थितीत असती त काहून इकली असती?" आणि पुढची वाचायला सांगत. तो वेळ माझा दिवसातला सगळ्यात चांगला वेळ होता. दवाखान्यात गेल्यावर तसं काही नसे.

दवाखान्यात परतवाड्याच्या पलीकडून, घाटाच्या पायथ्याच्या गावांतून बाया बैलगाडीत घालून आणल्या जात. अडलेल्या बाळंतिणी. वाटेत दिवस दिवस जात. एका पावसाळ्यात एक अगदी कोवळी मुलगी अशीच आली. तिचा नवरा गाडीच्या मागं चालत आला होता, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. मी करायचं ते सगळं केलं. ती राहिली नाही, बाळही राहिलं नाही. एक दिवस आधी पोचली असती तर दोघं राहिली असती, हे मला माहीत होतं आणि त्या नवऱ्यालाही मी ते सांगितलं, कारण तोवर मलाही काकाजींसारखं खरं सांगून टाकायची सवय लागली होती. त्यानंतर मी ठरवलं की बाया इथं येण्याची वाट पाहायची नाही. परतवाड्याला दवाखाना काढायचा आणि आपणच जायचं.

परतवाड्याला जागा मिळाली. नोकरीचा राजीनामा दिला. पण एसटीची मोटार फक्त सडकेनं जायची, गावं सडकेपासून आत. जीप नसती तर अमरावतीत करत होते तेच मी परतवाड्यात केलं असतं, उशिरा येणाऱ्या बैलगाडीची वाट पाहत बसले असते. माझ्या ऐपतीतली आणि त्या रस्त्यांना चालेल अशी एकच जीप मला माहीत होती. ती माझ्या खिडकीसमोर उभी होती. आणि पावसाळा दोन महिन्यांवर आला होता.

काकाजींना मी विचारलं तेव्हा ते उठून जीपभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "पयले चालवाले शिका. मंग पाहू."

काकूंनी डाळीच्या डब्यातून चावी काढून दिली. जवळच्या एका जिनाच्या मागच्या मोकळ्या मैदानावर ते मला शिकवू लागले. उजवीकडे ते बसत, समोरचं त्यांना धुक्यासारखं दिसे, पण कान शाबूत होते. "गिअर बदला, बाई. गाडी कधीची मागून राहिली." बॅटरी चांगली असली तरी रोज सकाळी ते मला समोरून इंजिनात लोखंडी हँडल घालून, ते फिरवूनच गाडी सुरू करायला लावत. बॅटरीवर विसंबू नये, हे त्यांचं मत. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, पलीकडून वळवायचा नाही, कारण उलटा झटका बसला तर हाड मोडतं. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघत. साडीचा पदर खोचून जीपला हँडल मारणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. काकू मैदानाच्या कडेला उभ्या राहून त्यांना सांगत, "काय पाहून राह्यले? डाक्टर हाये थे."

शिकून झाल्यावर काकाजी म्हणाले, "आता हिचा इतिहास घ्या. तुमी रोग्याले इचारता न, कवापासून दुखते, पयले काय झालतं? तसं." पण ते घरी बसून सांगेनात. जिथं जे मोडलं तिथं नेऊन दाखवणार, असा हट्ट.

मग आम्ही दोघं निघालो. मी चालवत होते, ते शेजारी, काकूंनी बांधून दिलेली भाकरी आणि ठेचा मांडीवर. रिद्धपूरच्या फाट्यावर त्यांनी थांबायला सांगितलं. तिथल्या हॉटेलवाल्याला हाक मारून म्हणाले, "आपली गाडी या चिखलात फसलती, तवा तू ढकलली का नाई? सांग बाईले." त्यानं सांगितलं. क्लच कसा जळला, त्याचा वास कसा पसरला, रिद्धपूरच्या यात्रेला निघालेल्यांनी मिळून गाडी कशी बाहेर काढली. पुढे एका नाल्यावर मागचा पाटा तुटला होता, तो दगडही काकाजींनी हातानं चाचपून मला दाखवला. परतवाड्याला जुन्या लोहाराकडे चहा झाला. त्यानं मडगार्ड कुठं ठोकून सरळ केलं ते सांगितलं. प्रत्येक ठिकाणी माणसं त्यांच्याशी घरच्यासारखी बोलत होती. जिथं जिथं ही गाडी मोडली तिथं तिथं ह्यांची ओळख झाली होती.

घाटाच्या पायथ्याशी, चिखलदऱ्याचा चढ सुरू होतो तिथं, मी गाडी थांबवली. एका बाजूला आत जाणारी कच्ची वाट, ज्या वाटेनं मला पुढं जायचं होतं ती. खाली नदीचं कोरडं पात्र. काकाजी उतरले. दिसत काही नव्हतं त्यांना, तरी बराच वेळ त्या वाटेकडे तोंड करून उभे होते. मग म्हणाले, "या वाटेनं तुमी एकल्याच येनार?"

"सोबत एक बाई असेल, मदतीला."

"पावसात बी?"

"पावसातच जास्त."

ते पुन्हा गाडीत येऊन बसले. गाडी वळवताना म्हणाले, "एक खोड सांगाची राह्यली. चेसिसले चीर हाये."

मला गाडीतलं फार कळत नव्हतं, पण हे कळत होतं. चेसिस म्हणजे गाडीचा कणा. त्याला चीर असली की गाडी गेली. खड्ड्यात कुठंही बसली तर मधून वाकायची. घरी आल्यावर मी दार आपटलं. खोली घेताना हे मी सांगितलं नव्हतं, पण राग येतो एवढं सांगितलं होतं.

राजीनामा परत घेता येणार नव्हता. नवी गाडी स्वप्नातही नव्हती. दुसऱ्या दिवशी काकाजी दुपारचे झोपले होते तेव्हा मी काकूंना विचारून जीप त्यांच्या मिस्त्रीकडे घेऊन गेले. एकच मिस्त्री, लढाईनंतर गाडी घेतल्यापासूनचा. म्हटलं चीर जोडता येईल का, निदान ते तरी बघू. मिस्त्री गाडीखाली गेला. हातोडीनं ठोकत ठोकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आला. मग चेसिस घासून पुसली, तिच्यावर घासलेट लावलं, कोरड्या कपड्यानं पुन्हा पुसलं आणि वरून खडू फासला. चीर असेल तर आत घुसलेलं घासलेट खडूवर रेघ मारतं, असं त्यानं मला समजावलं. आम्ही थांबलो. त्यानं विडी ओढली. खडू पांढराच्या पांढरा राहिला.

"चेसिस तो सलामत है, बाई. किसने कहा आपको?"

"त्यांनीच."

मिस्त्रीनं विडी विझवली आणि हात पुसत राहिला. मग म्हणाला, "वो आदमी झूठ नहीं बोलता." थोड्या वेळानं पुन्हा, "अब आप समझ लो, क्यूँ बोला होगा."

मला आधी संताप आला. साऱ्या जगाला खरं सांगणाऱ्या ह्या माणसानं खोटं बोलायला मलाच निवडलं. अर्ध्या वाटेवर संताप उतरला आणि मला काहीतरी वेगळंच वाटायला लागलं. माझे वडील सोडले तर माझ्यासाठी कुणी घाबरलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी ते ओसरीवर बाजेवर बसले होते. मी वर्तमानपत्र उघडलं, पुन्हा घडी घातली, आणि म्हणाले, "काकाजी, चेसिसला चीर नाही."

ते हलले नाहीत. "मले मालूम हाये."

"मग काहून सांगितलं?" माझ्या तोंडून त्यांचाच शब्द गेला.

आतून काकू भांडी टाकून बाहेर आल्या. "मी सांगतो काहून. घरी आल्यापासून जेवले नाईत धड. एक पोरगी सासरी गेली, आता हे बी चालली, थे बी त्या वाटेनं. म्हनून."

काकाजी मान खाली घालून म्हणाले, "थे नदी पान्यानं भरली म्हंजे तुले मालूम नाई, कशी येते." ते मला पहिल्यांदा तू म्हणाले. "मी माह्या डोयानं पाह्यली. तू तिथं फसली त कोनाले हाक मारशीन?"

"गाडी विकू नका मग," मी म्हणाले. "सरळ सांगा की जाऊ नको."

"थे कसं सांगू? बाया मरून राहिल्या न तिकडं." हे म्हणताना त्यांचा आवाज फुटला. मग सावरून, अगदी गंभीरपणे, "आता एक भानगड झाली. मी एक खोड खोटी सांगतली. म्हंजे बाकीच्या बी खोडींवर तुह्या भरोसा नाई राह्यला. गाडी अशी देता येत नाई."

आणि ते उठले. शेडपर्यंत चाचपडत गेले, बोनेटवर हात ठेवला, आणि दुसऱ्या गिअरपासून सगळं पुन्हा सांगायला लागले. मी मध्ये बोलू गेले तर म्हणाले, "चूप. ऐक." ब्रेक, पाटा, थंडी, वायरी. मडगार्ड, क्लच, रिद्धपूरचा चिखल. शेवटी म्हणाले, "चेसिस चांगली हाये." इतक्या वर्षांत त्या गाडीविषयी त्यांनी सांगितलेली ती एकुलती एक चांगली गोष्ट.

निघायच्या दिवशी काकूंनी बोनेटला हळदकुंकू लावलं, टायरपुढं लिंबू ठेवलं, माझी ओटी भरली आणि मोठ्यानं रडल्या. काकाजी शेडमध्येच काहीतरी खुडबुड करत राहिले. बॅटरी मिस्त्रीनं नुकतीच भरली होती, गाडी लगेच सुरू झाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी मागं पाहिलं नाही.

परतवाड्याला पहिल्या पावसाळ्यात ती जीप नदीत फसली, चिखलात फसली, दुसरा गिअर उतारावर सुटला आणि वायरींना ओल धरली. एकाही गोष्टीचं मला आश्चर्य वाटलं नाही. कुठल्या खोडीला काय करायचं ते मला माहीत होतं. आत बायका होत्या, आणि बहुतेक वेळा त्या वेळेवर पोचल्या. आश्चर्य वाटलं ते एकदाच. एका गावातून एका बाळंतिणीला घेऊन निघायचं होतं आणि बॅटरी मेली. मी हँडलसाठी सीटखाली हात घातला. हँडल नव्हतं. मागं नव्हतं, कुठंच नव्हतं. गावातल्या माणसांनी धक्का मारून गाडी चालू केली. ती बाई वाचली, मुलगी झाली, पण माझं डोकं फिरलं होतं.

पुढच्या रविवारी अमरावतीला गेले. शेडमध्ये पूर्वी बैल बांधत तिथल्या खुंटीवर एक जुनं, काळं पडलेलं दावं लटकत असे. त्याच्या शेजारच्या खुंटीवर माझं हँडल होतं.

"काकाजी, ही खोड सांगितली नाहीत."

"खोड नाई थे. रिवाज हाये," ते म्हणाले. "बैल इकला तरी दावं देत नसतात. दावं घरी राह्यलं म्हंजे घरची लक्ष्मी जात नाई."

"आणि गाडी अडली तर?"

"त इथं येजो."

मी परतवाड्याच्या लोहाराकडून दुसरं हँडल करून घेऊ शकत होते. घेतलं नाही. दर पंधरवड्याला बॅटरी भरायला अमरावतीला जायला लागले. परतवाड्यातही बॅटरी भरून मिळे, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की काकाजी आवाजावरून ओळखत आणि ओसरीवर उभे राहत. मी उतरण्याआधी बोनेटवर त्यांचा हात पडलेला असे. "भल्ली गरम हाये. जोरात आली तू." मग वर्तमानपत्र, गाड्यांच्या जाहिराती, काकूंचं पिठलं. नदीला पूर कसा होता ते मी सगळं खरं सांगत असे. तेवढं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, आणि ऐकताना ते बाजेची दोरी घट्ट धरून बसत.

ते गेले ते हिवाळ्यात, झोपेतच. सकाळी निरोप आला तशी मी निघाले. तेरावा होईपर्यंत काकूंजवळ राहिले. त्यांची मुलगी होती, जावई होता, घर माणसांनी भरलेलं होतं, पण काकू हळू बोलत होत्या. त्यांचा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

परत निघायच्या सकाळी थंडी कडक होती. किल्ली फिरवली, जीप नुसती कण्हली आणि गप्प झाली. इतके दिवस उभीच होती, बॅटरी उतरली होती. मी उतरले. काकू शेडमध्ये गेल्या आणि खुंटीवरून हँडल काढून घेऊन आल्या. माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हे आता तूच घेऊन जाय, माय. सांभायनारा गेला."

मी पदर खोचला. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवला. थंडीत सुरू व्हायला ती वेळ लावते, तसा तिनं लावला. मग खोकत खोकत चालू झाली आणि सगळं अंगण थरथरायला लागलं.

इंजिन तसंच चालू ठेवून मी शेडमध्ये गेले आणि हँडल दाव्याशेजारी, होतं त्या खुंटीवर लावून आले.

"काहून ठेवलं?" काकूंनी विचारलं.

"देत नसतात, काकू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुढं होऊन, मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं ते केलं. जीपच्या बोनेटवर तळहात ठेवला आणि काही वेळ तसाच राहू दिला.

"थंडी हाये अजून," त्या म्हणाल्या, आणि आवाज पुन्हा पूर्वीसारखा मोठा होता. "गरम होऊ दे. तोवर बस, चहा टाकतो."